सरदाराच्या घराची पाटी

चिंचणी
६ जानेवारी २०२४

प्रिय ज्ञानेशभाऊजी,

त्या सकाळी मी नेहमीसारखी अंगणात बसून पितळ घासत होते. पाणी भरून झालं होतं, पडवी झाडून झाली होती, माडाखाली पडलेल्या झावळ्या ओढून परसात नेल्या होत्या. घरातली तांब्या-कळशी झाली की उरलेली चिंच घेऊन रस्त्याकडेच्या पितळी पाटीकडे जायचं, हा माझा इतक्या वर्षांचा क्रम. मी उठणार इतक्यात तुमचे दादा पडवीतून म्हणाले, "शालू, दाढीचा आरसा दे जरा." मी चिंचेच्याच हातांनी दिला. थोड्या वेळाने बघते तर आरसा परत खिळ्यावर आणि दाढी तशीच. मी विचारलं, "केली नाहीत?" तर म्हणाले, "नको आज." मी पाटीकडे निघाले तेव्हा म्हणाले, "उद्यापासून ती घासत जाऊ नकोस. पुरे आता." मला वाटलं, माझ्या गुडघ्यांची काळजी. मी हसले. अकरा दिवसांनी ते गेले.

तीन वर्षं होऊन गेली. बाकीचे दिवस पुसट झाले, ही एक सकाळ मात्र मी बसले-उठले की समोर येते. आज तर कारणही आहे, म्हणून लिहिते. तुमच्या किंजलला फोन केला होता. ती म्हणाली, "काकी, बाबांना फोनवर काही ऐकू येत नाही, पत्र लिहा. बाबा पत्र चार-चारदा वाचतात."

चिंचणी-वाणगाव रस्ता रुंद होणार आहे. घराजवळच्या पट्ट्यात एकाच बाजूची जागा घ्यायची ठरली आहे. आपल्या बाजूला दादांची पितळी पाटी आहे: "येथे सरदार नरहरराव दळवी यांचे घर व विहीर होती. पेशवाईतील यादवीत त्यांनी दोन्ही बाजूंच्या जखमींना येथे पाणी पाजले." ही जागा बांधकाम खात्याच्या जुन्या नकाशात ऐतिहासिक म्हणून लागली आहे. त्यामुळे आपली बाजू सोडून समोरची धरली आहे. समोर म्हणजे सुकाची वाडी, आणि अगदी रस्त्याला लागून त्याची विहीर.

रुचिता म्हणून खात्याची एक तरुण इंजिनीअर मुलगी आली होती. फार नीट बोलली. म्हणाली, "काकू, पाटीची जागा कशावरून ठरवली, एवढं घरच्यांनी लिहून सही करून द्या. म्हणजे पुढे कोणी प्रश्न काढणार नाही." धीरज बोईसरहून रोज फोन करतो, आई सही करून टाक म्हणून. पण मला जे माहीत नाही त्यावर सही कशी करू? ज्यावरून जागा ठरली तो सरदाराच्या वेळचा नकाशा आणायला तुम्ही आणि तुमचे दादा गेला होता. ते दिवस माहीत असलेलं आता तुमच्याशिवाय कोणी नाही. चार ओळी लिहून पाठवाल का?

पाटी राहिली तर पडवी राहील. पडवीत त्यांचा दागिन्यांचे साचे कोरायचा ठोकळा, त्यांची बैठक, भिंतीवर त्यांच्या डोक्याच्या तेलाचा डाग आहे. मला ते हवं आहे, हे उघडच लिहिते.

तुमची वहिनी,
शालू

ता. क. दहाव्याला तुम्ही आला नाहीत ते मी मनात धरलेलं नाही. करोनाचे दिवस होते.

---

बिलिमोरा
१५ जानेवारी २०२४

ती. वहिनीस,
शि. सा. नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं. अक्षर ओळखलं. तेहतीस वर्षांनी पाहिलं तरी ओळखलं.

जागेबद्दल विचारलंत. दादाने जागा बरोबर ठरवली होती. तारापूरला उपाध्यांच्या घरी जुन्या पोथ्यांत हाताने काढलेला एक नकाशा निघाला होता. रस्ता, त्याला आडवी खाडी, घर, विहीर, एक पिंपळ, वर श्री. कागदाचे तुकडे पडत होते, म्हणून त्यांनी घरी न्यायला दिला नाही. दादाने तिथेच बसून ट्रेसिंगच्या कागदावर तो उतरवून घेतला. मी शेजारी दिवा धरून होतो, त्या खोलीत भर दुपारीही अंधार असायचा. दोन वर्षांनी मूळ कागद वाळवीने खाल्ला असं ऐकलं. तेव्हा दादाने उतरवलेला नकाशा हाच पुरावा. तो तुमच्याकडे असेल. तो दाखवा आणि सही करा.

आम्ही एकाच सायकलवर गेलो होतो. जाताना मी पुढे दांडीवर, दादा चालवत. येताना तो दांडीवर बसला, नकाशाची गुंडाळी छातीशी धरून, आणि मला सारखा म्हणत होता, "खड्डा चुकव रे, सरदार बसलाय." आपल्या आळीत शिरलो तेव्हा घराघरातून छिन्नीवर हातोडी पडत होती, टक टक टक. तो आवाज मला आजही ऐकू येतो. बाकीचं फारसं येत नाही. सव्वीस वर्षं पॉवर प्रेसवर काढली, आधी बोईसरला, मग वापीला. कान तिथेच ठेवून आलो.

पडवी राहू द्या, वहिनी. सही करा.

आपला,
ज्ञानेश

---

चिंचणी
२४ जानेवारी २०२४

प्रिय ज्ञानेशभाऊजी,

पाकिटावर गं. भा. नका लिहू. नुसतं शालिनी सावे लिहा, पोस्टमन ओळखतो.

तुमचं पत्र वाचून मी त्या दिवशी उकडहंडी लावली. एकटीसाठी कोणी लावत नाही, तरी लावली. रताळी, कोनफळ, वालाच्या शेंगा, सगळं घातलं. अर्धी धीरजकडे पाठवली. राहिलेली घेऊन सुकाकडे गेले. त्याची विहीर जाणार म्हणून मला त्याच्याकडे बघवत नव्हतं, त्यापेक्षा जाऊन बसावं म्हटलं.

सुका आता सत्तरीचा आहे, तुमच्याबरोबरचाच. विहिरीच्या काठावर बसून दात कोरत होता. मला बघून म्हणाला, "ये बाय. तुझा सरदार माझी विहीर गिळतो नं काय."

मी म्हटलं, "माझा कुठला रे, सगळ्यांचाच."

"सगळ्यांचा हाय तर तुझ्याच दारात कसा बसला?" असं म्हणून हसला. मग भांडं उघडून हुंगलं आणि म्हणाला, "मीठ हाय नं बराबर? मागच्या साली नव्हता."

मी त्याला सांगितलं की सरदाराची विहीर आमच्या अंगणात होती, बुजली. ही तुझी विहीर तुझ्या आज्याने खणली, असं आमचे हे सांगायचे. त्यावर तो पहिल्यांदा गंभीर झाला. "आज्याने खणली नाय, बाय. आज्याने गाळ काढला. आत उतरून बघ, घडीव दगड हाय. आमी वारली लोक, आमाला कुठून येणार घडीव दगड?"

मी उठले. निघताना तो म्हणाला, "दादा मराच्या आठ-दहा दिस आदी आलता इथं. पाणी मागला. मी म्हटलं, घरात फ्रिज हाय नं तुमच्या. तर बोलला, हेच दे. प्याला, उभा राहला, आन जाताना विहिरीच्या पाया पडला. मी म्हटलं, म्हातारा खुळा झाला."

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर ते महिनाभर कामाला बसले नव्हते, जरा भरकटल्यासारखे असायचे. तेव्हाचंच ते. पण मला खटकलं.

एक विचारते, राग मानू नका. पाटी बसवली त्या दिवशी नेमकं काय झालं? मी आत शिरा ढवळत होते. हसण्याचा आवाज आला, म्हणून पदराला हात पुसत बाहेर आले, तर तुम्ही सायकल काढत होता आणि हे खांबासारखे उभे. त्यानंतर तुमचं नाव घरात निघालं नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "सरदाराच्या घरात पण भाऊ भावाशी लढलेच होते." मी पुन्हा विचारलं नाही. तुम्ही सांगा.

शालू

---

बिलिमोरा
२ फेब्रुवारी २०२४

ती. वहिनीस,
नमस्कार.

विचारलंत म्हणून लिहितो. आठ दिवस लिहू की नको यात गेले.

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. तुमची पडवी वाचावी म्हणून.

त्या दिवशी सरपंच, शाळेचे मास्तर, आळीतले सगळे साचे कोरणारे डायवाले जमले होते. दादाने पाटीवरचा रुमाल काढला आणि मी सगळ्यांसमोर म्हणालो, "सरदार राहत होता विहिरीवर. आमच्या दादाने त्याला उचलून आपल्या दारात आणून बसवला." लोक हसले. मला हसवायचं नव्हतं, दादाला झोंबेल असं बोलायचं होतं. दादा हळूच म्हणाला, "ज्ञानेश, या उंबऱ्याच्या आत पुन्हा पाऊल टाकू नकोस." मी टाकलं नाही.

मी असं का बोललो ते ऐका. उपाध्यांकडच्या मूळ कागदावर मी घर पाहिलं होतं. वाणगावकडे तोंड केलं की घर आणि विहीर रस्त्याच्या डाव्या हाताला. म्हणजे सुकाच्या वाडीत. दिवा माझ्याच हातात होता. नंतर दादाने पुठ्ठ्यावर उठवलेला नकाशा घरात मला दाखवला, तर घर उजव्या हाताला. आपल्या अंगणात. मी म्हटलं, "हे कसं झालं?" तो म्हणाला, "मी उतरवलंय ते बघ की." मी बघितलं. त्यात खोट कुठे दिसत नव्हती. मग एकच उरतं ना वहिनी? त्याने मुद्दाम फिरवलं. सरदाराचं घर आपल्या दारात असावं, जाणारा-येणारा थांबावा, शांताराम साव्यांचं नाव घ्यावं, म्हणून.

हा माझा भाऊ, ज्याने दागिन्याच्या साच्यात केसाएवढी रेष चुकली तर ठोकळा फेकून दिला, तो खोटं बोलला. जागा कुठली याचं मला एवढं काही नव्हतं. तो लबाड निघाला, हे मला गिळता आलं नाही.

आता तो नाही. पुरावा म्हणून त्याचा पुठ्ठा आहे, माझी आठवण कोणी विचारणार नाही. सुकाला सरकार विहिरीचा मोबदला देईल. तुम्ही सही करा आणि हे पत्र जाळून टाका.

ज्ञानेश

---

चिंचणी
१९ फेब्रुवारी २०२४

ज्ञानेशभाऊजी,

पत्र जाळलं नाही. चार दिवस देव्हाऱ्याच्या मागे ठेवलं आणि तिकडे पाहिलं नाही. तुमचा राग आला. माझ्या नवऱ्याला लबाड म्हणणारं पत्र माझ्याच घरात, आणि तेही माझ्याच विचारण्यावरून आलेलं. तुम्हाला उत्तर न लिहिता सही करून मोकळं व्हावं असंही वाटलं. सहीचा कागद रुचिताने आणून दिला होता. पेनसुद्धा तिचंच होतं.

तिने पुरावा मागितला म्हणून मी बिस्किटाच्या डब्यातून तो पुठ्ठा काढून तिच्यासमोर ठेवला. तिने चष्मा वर केला, पाहिला आणि सहज म्हणाली, "काकू, हा वरचा श्री उलटा का आहे?"

मी म्हटलं, "उलटा कुठे? सरळ तर आहे."

ती हसली. "अहो काकू, उलटाय. आरशात दिसतो तसा." तेवढ्यात तिचा फोन वाजला, साइटवर गाडी अडकली होती, ती उठून गेली. जाताना म्हणाली, "सोमवारी येते सहीला."

मी पुठ्ठा घेऊन पडवीत बसले. मग उठले आणि खिळ्यावरचा आरसा काढला.

तुम्हाला हे सांगायला नको, पण क्रमाने लिहिल्याशिवाय मला नीट समजत नाही. डाय करायची तर नक्षी ट्रेसिंगवर पेन्सिलीने उतरवायची, कागद पालथा घालायचा आणि पोलादाच्या ठोकळ्यावर घासायचा. नक्षी उलटी उठते. ती तशी उलटीच कोरायची, तेव्हा कुठे सोन्याच्या पत्र्यावर सुलटी येते. तुमचे दादा सोळाव्या वर्षापासून हेच करत होते. उपाध्यांकडून ट्रेसिंग आणलं, ते फाटेल म्हणून त्यांनी ते पुठ्ठ्यावर उठवलं. हाताने कागद आपोआप पालथा घातला आणि घासला. त्या वेळी तुम्ही नव्हता, तुमची दुपारची पाळी होती. ट्रेसिंग चुरगळून बंबात गेलं. उरला तो उलटा पुठ्ठा. घर डावीकडून उजवीकडे आलं, आणि त्याच्याबरोबर विहीर पण.

आणि वर 'श्री' होता, उलटा, सगळ्यांना दिसेल असा. त्यांना दिसला नाही कारण त्यांनी आयुष्यभर उलटाच श्री कोरला. त्यांच्या डोळ्यांना तोच बरोबर. तुम्हाला दिसला नाही कारण तुम्हीही याच घरात छिन्नी धरायला शिकलात. आणि मला? मी चौथीपर्यंतची बाई. पुढचं वाचन मी याच पडवीत केलं, त्यांचे ठोकळे पुसताना. लग्नानंतर मी पहिला वाचलेला शब्द 'शुभ' होता आणि तो उलटा होता. पुढे वाचनालयातली पुस्तकं आणली तेव्हा सुलटी अक्षरंच मला चार दिवस परकी वाटली होती. आपल्या तिघांनाही तो श्री सरळच दिसला. बाहेरची पोर आली आणि तिला एका नजरेत कळलं.

पाण्याच्या पिंपावर मी जे पितळी झाकण ठेवते ते आठवतं? ती पाटीची पहिली फुकट गेलेली प्रत. सुलटं कोरायची सवय नाही, म्हणून 'सरदार'मधला स उलटा कोरला होता. तेव्हा आपण किती हसलो होतो. तुम्ही म्हणाला होता, "दादा, सरदाराला पण साच्यात घातलास!" त्या हसण्यात आपल्याला कोणालाच सुचलं नाही की जो हात पाटीवर चुकला तो आधी नकाशावरही चुकला असेल.

म्हणजे भाऊजी, जागा तुमची खरी. पण ते लबाड नव्हते. त्यांनी काही फिरवलं नाही. त्यांनी काम केलं, जसं रोज करायचे तसं.

आणि तो आरसा. ऑपरेशननंतर महिनाभर त्यांनी भिंग हातात धरलं नव्हतं. डोळे चारचौघांसारखे झाले असणार. त्या सकाळी डबा उघडला असेल आणि श्री उलटा दिसला असेल. म्हणून आरसा. म्हणून "पुरे आता, घासू नकोस". म्हणून सुकाच्या विहिरीचं पाणी. अकरा दिवस त्यांना माहीत होतं आणि मी रोज सकाळी त्यांच्या डोळ्यांदेखत ती पाटी लखलखीत करत होते. त्यांनी सांगूनही मी ऐकलं नाही.

आता मला सांगा, मी काय करू? खरं लिहून दिलं तर बाजू बदलेल आणि पडवी जाईल. खोटं लिहून दिलं तर पडवी राहील. आणि त्यात मी बसायचं कसं?

शालू

---

बिलिमोरा
२७ फेब्रुवारी २०२४

वहिनी,

किंजलने पत्र माझ्या हातात दिलं तेव्हा मी ओट्यावर होतो. वाचून झाल्यावर ती मला पाणी घेऊन आली, माझा चेहरा बघून. मी तिच्याकडून तिचा छोटा आरसा मागून घेतला आणि कागदावर श्री लिहून त्यात बघत बसलो. खरंच सांगतो, मला दोन्ही सारखेच दिसले.

तेहतीस वर्षं मी एका प्रामाणिक माणसावर रागावलो. आता हा राग कुठे ठेवू ते कळत नाही. ठेवायला जागाच उरली नाही.

आणखी एक आहे. हे मी कोणालाच सांगितलेलं नाही, किंजलच्या आईलाही नाही.

दादा गेला त्याच्या आधी तीन-चार दिवस मला फोन आला होता. नंबर चिंचणीचा होता. मी घेतला. "कोण? कोण?" म्हणत राहिलो. मग "ऐकू येत नाही" म्हणून ठेवून दिला. घरात सांगितलं, रॉंग नंबर असेल.

वहिनी, त्या दिवशी मला ऐकू आलं होतं. सगळं नाही, पण "ज्ञानेश, मी दादा" एवढं स्पष्ट ऐकू आलं होतं. पुढे तो काहीतरी बोलत होता, ते मी ऐकलं नाही. बहिरा होतो म्हणून नव्हे. मला वाटलं, म्हातारपणी समजूत काढायला निघाला, आता कशाला. परत करेल तेव्हा बोलू. त्याने परत केला नाही.

तो काय सांगत होता ते मला तुमच्या पत्राने सांगितलं.

तुम्ही काय करावं हे मी सांगू शकत नाही. मागे दोनदा "सही करा" म्हणालो, ते दोन्ही वेळा मी चूक होतो. पडवी तुमची आहे, नवरा तुमचा होता. मला तुमच्यापुढे यायचीही लाज वाटते.

ज्ञानेश

---

चिंचणी
१२ मार्च २०२४

प्रिय ज्ञानेशभाऊजी,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. तुम्ही फोन ठेवला. मी आरसा दिला आणि कशाला हवा ते विचारलं नाही. दोघांनी सारखंच केलं, तुम्ही बिलिमोऱ्याला आणि मी चार हातांवर. त्यांना त्या घडीला तुमचं नाव घ्यावंसं वाटलं, आणि ते तुमच्या कानावर पडलं, एवढं मी धरून ठेवलं आहे. तुम्हीही धरा. लाजेचं पुन्हा लिहू नका.

सोमवारी रुचिता सहीला आली तेव्हा मी तिला परत पाठवलं. म्हटलं, "मी स्वतः येते ऑफिसात." मला आधी लिहून बघायचं होतं. लिहायला तीन दिवस लागले. "माझे पती कै. शांताराम सावे यांच्या हातून" इथपर्यंत सरळ गेलं. पुढे 'चूक' लिहायचं होतं. त्यांच्या नावापुढे मी तो शब्द कधी उच्चारलासुद्धा नव्हता. पेन थांबलं. मग चहा केला, प्यायले आणि लिहिलं: "त्यांच्या हातून जागेची चूक झाली. ती त्यांच्या कामाच्या सवयीने झाली, हेतूने नाही. सरदार दळवी यांचे घर व विहीर रस्त्याच्या डाव्या बाजूस, सुका यांच्या वाडीत होती. त्यांचे बंधू ज्ञानेश सावे यांनी हे १९९१ सालीच सांगितले होते." तुमचं नाव मी न विचारता घातलं. चालेल ना?

धीरजला सांगितलं तेव्हा तो फार चिडला. "आई, कोण बघणार होतं? एका उलट्या अक्षरासाठी घर पाडून घेतेस?" मी म्हटलं, "घर नाही, पडवी." दोन दिवस फोन नाही. तिसऱ्या दिवशी टेप घेऊन आला, काही न बोलता मापं काढली, आणि म्हणाला, "बाबांचा ठोकळा माजघरात खिडकीखाली बसेल. उजेड तिथेही आहे." मग बसून जेवला.

गुरुवारी एसटीने बोईसर, तिथून पालघर आणि रिक्षाने कोळगावला जिल्ह्याच्या ऑफिसात गेले. एवढी मोठी इमारत मी पहिल्यांदाच पाहिली. रुचिताने अर्ज वाचला, पुठ्ठा पाहिला, तिच्याच आरशात पाहिला. मग खुर्ची माझ्या जवळ ओढून म्हणाली, "काकू, आता तुमच्या बाजूची जागा जाईल. पडवी जाईल. कळतंय ना तुम्हाला?"

मी म्हटलं, "कळतंय. म्हणून तर पोस्टाने नाही पाठवलं."

तिने अर्ज फाइलला लावला. मग म्हणाली, विहीर राहील, तिला कठडाही बांधून देतील. पाटीला नवा खांब नंतर मिळेल, तोवर तुम्हाला हलवायची असेल तर हलवा, पाटी तुमच्याच घरची आहे.

येताना सुकाच्या वाडीत उतरले आणि त्याला सांगितलं. त्याला पटेना. "तुझी पडवी गेली नं बाय? आन माझी विहीर ऱ्हायली? आसा कोन करतं काय?" मग विहिरीत डोकावला आणि म्हणाला, "आता सरदार माझा शेजारी. रोज सकाळी माझं तोंड बघल. बिचारा."

पडवी मे अखेरपर्यंत आहे. तुम्ही या. किंजलला घेऊन या किंवा एकटे या. तुम्हाला ज्या उंबऱ्याच्या आत येऊ नको म्हणाले होते तो पडवीचाच उंबरा. तो आता जाणारच आहे, पण तो असतानाच तुम्ही ओलांडून यावं, असं मला वाटतं. त्यांच्या बैठकीवर बसा. भिंतीला टेका. मी उकडहंडी करू शकणार नाही, तिचे दिवस गेले, पण चिकू उतरायला आले आहेत.

कोळगावहून घरी आले त्या रात्री मला झोप नीट लागली, एवढंच सांगते. दुसऱ्या दिवशी महाशिवरात्र होती. सकाळी पाणी भरलं, पडवी झाडली, झावळ्या परसात नेल्या, चिंच भिजत घातली. मग सुकाला हाक मारली, पाटीचे चार बोल्ट सोडवले आणि ती रस्त्यापलीकडे नेऊन विहिरीच्या काठावर घासली.

तुमची वहिनी,
शालू